मागाच्या खड्ड्यावर उभी स्कूटर

२० ऑक्टोबर १९५६
विणकर सोसायटीच्या सेक्रेटरींनी आज तोंडावरच सांगितलं. दिवाळीनंतरच्या सोमवारपासून सुताची फेरी ज्याची स्वतःची गाडी, त्याची. विणकरांच्या घरी सूत पोचवायचं, तयार लुगडी आणायची; इतकी वर्षं सायकलवर हेच केलं. पावसाळ्यात पडलो तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. पायडल मारू कशानं?

२४ ऑक्टो.
इथली राजधानी उठली, कचेऱ्या मुंबईला चालल्या. सिव्हिल लाइन्समधले साहेब लोक सामान मातीमोल विकून टाकताहेत. दोन स्कूटरी पाहिल्या. हिरवीचं इंजिन एका बाजूला. करडीचं मधोमध, सीट लांब. गिअर दोन्हींचे हातात. म्हणजे पायाला कामच नाही. फार दिवसांनी जीव हलका झाला.

२६ ऑक्टो.
हिरवी की करडी, तेच डोक्यात. शेवटी करडी, लांब सीटवर गाठोडं नीट राहील. साहेब म्हणाले, बसून तर बघा. नाही बसलो. नव्या मागालाही पूजा होईपर्यंत आम्ही पाय लावत नाही. साहेब हसले. सौ.च्या पाटल्या गेल्या.

२९ ऑक्टो.
गाडी ठेवायला घरात जागा कुठे? मागाचा खड्डा बुजवला. माझा पाय गेल्यापासून सौ.च त्यात पाय सोडून विणत होती, तिच्या लुगड्यांवरच चूल पेटत होती. माती तिनंच लोटली. म्हणाली, "तुमी फिराले लागले तं मले विणाची गरज नाई." चांगलं वाटलं, आणि लाजही वाटली.

३ नोव्हें., पाडवा
साहेबांच्या ड्रायव्हरनं परवाच गाडी घरात लावून दिली. आज हळदकुंकू, नारळ. मग बसलो.
किक उजव्या पायाची. मागचा मोठा ब्रेकही उजव्याच पायाखाली. पाय नुसता टेकतो, दाबला जात नाही.
शेजारचा रामभाऊ, त्याला गाड्यांतलं कळतं. "काहून गा, बसून पाहाची नाई का आंधी?" हिरवीचंही असंच असतं म्हणाला. मग इतके दिवस मी निवडत काय होतो?
साहेब मुंबईला पोचले असतील. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तिचा माग मोडला मी.

४ नोव्हें., भाऊबीज
सौ. माहेरी गेली नाही. सकाळी काष्टा आवळून आली आणि किकवर उभी राहिली. दोनतीनदा नुसती घसरली, मग गाडी सुरू झाली. घरभर धूर. खालची माती अजून दबलेली नाही, चाकं हळूहळू रुतत होती.
"चालू मी करून देत जाईन," म्हणाली. मग खाली ब्रेककडे पाहिलं. "पण थांबवणार कायनं?"
उजव्या मुठीत पुढचा ब्रेक आहे. सुताच्या गाठोड्यासकट तो किती धरेल, आणि वाटेत बंद पडली तर किक मारायला ती कुठून येणार?
उद्या सोमवार, सुताची फेरी.