ताईने झेललेलं संत्रं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा, फरशीवर आडवा होऊन घातलाय. उठताना गुडघा वाजला, पण त्याचं नाव मी आता कुठल्या तोंडाने काढू?) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे, हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण आजवर मी हे विचारलं की तू खरं उत्तर द्यायला लागायचीस आणि मी घड्याळाकडे बघायचो. तरी विचारतो. कशी आहेस? या वेळी घड्याळ काढून ठेवलंय.

तुला माहीतच आहे, शाळेत पोरांना कवायत शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी बहाणे पकडण्यात. कवायतीचा तास आला की कुणाचं पोट दुखतं, कुणाचा पाय मुरगळतो. त्यावर मी एक रामबाण उपाय शोधला होता. रडवेलं तोंड करून बसलेल्या पोराकडे अचानक चेंडू फेकायचा. झेलला, की सोंग उघडं. या शोधाचा मला इतका अभिमान, की लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही तासभर हेच सांगत बसलो होतो. (तरी तिने होकार दिला, हे तिचं धाडस.) आणि तोच उपाय मी दोन वर्षांपूर्वी आईच्या वाढदिवसाला तुझ्यावर करून पाहिला. तू म्हणालीस, आज खुर्च्या उचलायला जमणार नाही, अंग ठणकतंय. मी ताटातलं संत्रं उचललं, 'ताई, झेल!' म्हणून फेकलं, तू झेललंस, आणि मी शिट्टी फुंकली. सगळं घर हसलं. तू संत्रं टेबलावर ठेवलंस, पर्स घेतलीस आणि गेलीस. चार दिवस तुला कंगवा धरता आला नाही, असं भावोजी फोनवर म्हणाले, तेव्हा मी मनात म्हटलं, हे पण बायकोच्या नादी लागले. त्यानंतर तू आमच्याकडे पाऊल टाकलेलं नाहीस.

परवा शाळेत पालकांना फायब्रोमायल्जियाची माहिती देणारा कार्यक्रम झाला. प्रथमोपचाराची पेटी माझ्या कपाटात असते, एवढ्या भांडवलावर मुख्याध्यापक बाईंनी तो माझ्या गळ्यात मारला. तुझ्या दवाखान्याच्या कागदांवर हेच नाव होतं, ते मला आठवत होतं. फक्त ते आळसाचं इंग्रजी नाव असावं, असा माझा समज होता. मी फलकावर सुबक अक्षरात लिहिलं, 'उठा, पळा, दुखणं पळवा!' बोलायला आलेल्या डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि हसतमुखाने मला काढायला लावला. मग त्यांनी सांगितलं, की यात अंगभर दुखतं, पण एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या तपासण्याही बहुतेक वेळा ठीक येतात. झोपून उठलेला माणूस दमलेलाच असतो, बोलता बोलता साधे शब्द सापडत नाहीत. व्यायामाने बरं वाटतं, पण हळूहळू, ज्याच्या त्याच्या बेताने, शिट्टीवर नव्हे. (शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती मी शर्टाच्या आत सरकवली.)

इथे गप्प बसलो असतो तर! पण मी उठलो आणि दीडशे पालकांसमोर विचारलं, की मग खरं दुखणं आणि सोंग ओळखायचं कसं? उत्तराची वाटही न बघता माझा शोध करून दाखवला. म्हणजे चेंडू फेकला. डॉक्टरबाईंवरच. त्यांनी छान झेलला. मी विजयी चेहऱ्याने पालकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, मला हा आजार नऊ वर्षं आहे. झेलता येतं. उद्या सकाळी माझी वेणी मात्र मुलीला घालून द्यावी लागेल." मग त्यांनी चेंडू हळूच माझ्याकडे टाकला. तो माझ्या हातून सुटला, ताई. पहिल्या रांगेपर्यंत घरंगळत गेला आणि कुणीही हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच क्षणी तुझं संत्रं आठवलं. मी फार वाईट वागलो. मला लाज वाटते.

तुझा, तोंड लपवायला जागा न उरलेला,
भाऊ

ता. क. हात दुखत असतील तर पत्र भावोजींना वाचून दाखवायला सांग. 'बायकोच्या नादी' तिथे आले, की त्यांचीही माफी मागतो म्हणावं.

ता. क. २. 'त्याच क्षणी संत्रं आठवलं' हे वर लिहिलंय ते खोटं आहे. त्या क्षणी मला एवढंच सुचलं, की मुख्याध्यापक बाई बघताहेत. तू आठवलीस ती घरी आल्यावर, बायकोने संत्रं सोलून पुढे ठेवलं तेव्हा. ते मला गिळवेना.

ता. क. ३. आता खरं काम. येत्या रविवारी आईचा वाढदिवस. दोन वर्षांपूर्वी हसलेली तीच सगळी माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर मला सांगायचंय, की ताईचं दुखणं खरं होतं आणि मी मूर्ख होतो. तू नसलीस तरी सांगणारच आहे, पण तू ऐकावंस असं फार वाटतं. खिडकीजवळ आरामखुर्ची ठेवली आहे, बाकीच्या खुर्च्या मी उचलीन. माफ करायला ये असं म्हणत नाही. अर्ध्या तासात निघालीस तरी चालेल. आणि त्या दिवशी उठताच आलं नाही, तर नुसतं 'आज जमत नाही' एवढं कळव. कारण सांगू नकोस.