कावीळ उतरली

नवीन पनवेल, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मनिषाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाईल दमयंतीकडे देऊन टाकलाय. जुने सोबत प्यायला बसणारे त्यावरून सारखे हाका मारतात. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, तुझ्याच हाताखाली शिकलोय.

दारू सोडून सात महिने झाले. तुला वाटेल, आता सुटला. तसं नाही ताई. परवा तळोज्याला शिफ्ट बदलली, त्याच दिवशी परेशच्या शाळेतून बोलावणं, घरी यावं तर नळाला पाणी नाही. मोठं काहीच नाही, पण सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. व्यसनमुक्ती केंद्रातले सुभाष सर सांगतात, डोकं भरलं की हाताला एकच काम द्यायचं. परत फिरलो, घरी येऊन डबा घासला. मग घासलेलाच पुन्हा घासला.

दिपिकाच्या हळदीला मी येत नाही. आपल्याकडची हळद म्हणजे रात्रभर ढोल आणि दारू, तुला सांगायला नको. लग्नाला सकाळीच हजर होईन. रागावू नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार,
दीपेश

चिरनेर, ७ फेब्रुवारी

चि. दीपेश यास अनेक आशीर्वाद.

एकुलता एक मामा आणि हळदीला नाही? दिपिका दोनदा विचारून गेली. आईबाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच. तुझ्याविना मांडव मला भरलेला वाटणार नाही.

मी तोड काढलीय. भावकीत सांगून टाकलं की तुला कावीळ झाली, डॉक्टरांनी थेंबही घ्यायचा नाही म्हणून बजावलंय. कावीळवाल्याला आपल्यात कुणी आग्रह करत नाही. सोडलेल्यालाच करतात. आता गुपचूप ये.

दमयंतीला आशीर्वाद, पोराला गोड पापा. वाट बघते.

तुझी ताई

नवीन पनवेल, १३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ताई, काय करून ठेवलंस? रोज कुणीतरी येतं आणि माझ्या पापण्या ओढून डोळे बघतं. वेणूमावशीने उसाचा रस पाठवला. महादेवकाका तर चिरनेरहून बसने आले आणि मुळ्यांची ती काविळीची माळ माझ्या डोक्यावर ठेवून गेले. ती वाळेल तशी लांबते आणि खाली उतरते, हे तुलाही ठाऊक आहे. आजार असो वा नसो.

दारूपेक्षा जास्त मी खोटं प्यायलोय. केंद्रात पहिल्या दिवशी तेच सोडायला लावलं होतं. आता तुझ्यासाठी पुन्हा सुरू केलंय आणि मला झोप नाही. तरी येतो. दिपिकासाठी येतो.

कळावे, लोभ आटू देऊ नये.
दीपेश

चिरनेर, २१ फेब्रुवारी

दीपेश,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. हळद लावायला मामाला पुकारलं आणि तू नाहीस. मांडवामागे बघितलं, खाडीच्या रस्त्यावर बघितलं, पोरांच्या गाड्यांतही डोकावले. आमचे हे म्हणाले, बसला असेल कुठेतरी, सोड आता. शेवटी वेणूमावशीच्या नवऱ्याने हळद लावली.

सकाळी तू दिपिकाला बोहल्यावर आणलंस. मी तुला जवळ घेतलं ते मायेनं नव्हे, वास घ्यायला. लसणाचा वास आला. बाबा दारू लपवायला काय चघळायचे ते आपण दोघं विसरलेलो नाही. मी कुणाला काही बोलले नाही. खरं काय ते लिही.

ताई

नवीन पनवेल, २५ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हळदीला पोचताच महादेवकाकांनी विचारलं, माळ कुठवर आली. पायातून निघाली, असं खरं तेच सांगितलं. ते खूश झाले आणि चार जणांसमोर ग्लास पुढे केला. म्हणाले, "माळ उतरली, कावीळ गेली. आता घे, भाचीची हळद हाय."

तुझं खोटं तिथवरच पुरलं. ग्लास नाकाशी होता. मागे ढोल, पुढे काका, सगळं एकदम डोक्यात शिरलं. मी म्हणालो, "काका, मला कावीळ नव्हतीच. माझा आजार दारूचा हाय. त्याची माळ उतरत नाय."

सुभाष सरांचं आठवलं, हाताला एकच काम. म्हणून स्वयंपाकाच्या छपराखाली बायकांमध्ये जाऊन बसलो आणि लसूण सोलायला घेतला. पुकारलेलं ढोलात ऐकू आलं नाही. हळद चुकली, त्याची माफी मी दिपिकाकडे मागितली आहे. थोड्या वेळाने काका आले, शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही एक गड्डा उचलला. दोघांनी मिळून गोणीभर सोललं. तू सगळीकडे शोधलंस ताई, बायकांत सोडून.

लसूण तोंडाला नव्हता, हातांना होता. तू वास घेतलास याचा मला राग नाही, वाईट वाटलं. पुढेही घेत जा. आठवा महिना लागलाय आणि मलाही रोज सकाळी स्वतःचा वास घेऊन बघावा लागतो.

आशीर्वाद राहिलेत तुझ्याकडे. पुढच्या पत्रात लिही.

दीपेश