सुकाणूची खुंटी

आबा, दादाच्या होडीच्या सुकाणूची खालची खुंटी मी विजेने जोडली आणि ती पक्की आहे की नाही हे ठाऊक नसताना त्याला समुद्रात जाऊ दिलं. हे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी गावच्या शाळेत होते. त्यानंतर मुंबईला आत्याकडे राहून मी तांत्रिक शाळेत वीजकाम शिकले, परीक्षा दिली, एका लहान कारखान्यात कामही केलं. वर्गात मुलगी मी एकटीच होते, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मंदीत कारखाना बंद पडला आणि मी परत आले. येताना साडी नाही, भांडं नाही, एक वेल्डिंगचं यंत्र घेऊन आले. रेवसला लाँचमधून ते उतरवताना हमालांनी मला दोनदा विचारलं की हे नक्की तुमचंच ना.

यंत्र निवडताना मी चुकले नाही असं मला अजून वाटतं. जुन्या यंत्रांच्या बाजारात माझ्यापुढे तीन होती. एक गोदीतून निघालेलं, स्वतःच्या मोटरीसकट, चार माणसांना न हलणारं. दुसरं नुसतं लोखंडी खोकं, आत तारेची वेटोळी. ते स्वस्त होतं, बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं, पण शहरातल्या विजेशिवाय ते निरुपयोगी, आणि आपल्या गावात विजेचा खांबही नाही. तिसरा पट्ट्याने फिरणारा लहान डायनामो. शेजारच्या नारळाच्या वाडीत विहिरीवर आता ऑइल इंजिन बसवलं आहे. वाडीचं शिंपण झालं की ते रिकामं असतं, आणि त्याच्या चाकावरून पट्टा घेता येईल हे मी आधीच मोजून ठेवलं होतं. मी डायनामोचे ब्रश काढून पाहिले, गुंडाळीला ओल लागली आहे का ते तपासलं, आणि दुकानदाराला तिथेच वेल्डिंगची कांडी पेटवून दाखवा म्हटलं. तो गुजराती गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाला, "बेन, शिवायचं मशीन दाखवू? ते पण सांधतं." मी हसले नाही, तेव्हा त्याने पट्टा चढवला. या यंत्राची मर्यादा मला तेव्हाच माहीत होती. पत्रा, पट्टी, बोटाएवढी सळई इथवर ते उत्तम. त्याहून जाड लोखंडाच्या पोटात त्याची उष्णता पोचत नाही, कडा कानशीने उतरत्या करून थरावर थर द्यावा लागतो. घरच्या कामांना एवढं पुष्कळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सुकाणू मी घरकामात धरलं नव्हतं.

पहिले दिवस बरे गेले. पिंपाच्या जुन्या पट्ट्यांवर हात बसवला, मग विहिरीच्या कप्पीचा आकडा केला, आईच्या घमेल्याचा तुटलेला कान जोडला. लेप लावलेल्या कांड्या खाऱ्या हवेत सर्दावतात आणि मग तडतडतात, म्हणून त्या मेणकापडात बांधून तांदळाच्या कणगीत ठेवल्या. आईने तक्रार केली नाही. दुपारी जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "भात करायला घेतला नि हाताला लोखंड लागलां. तुझा बापूस पन असाच. खिशात बिडी कमी नि खिळं जास्त." मला ते ऐकून बरं वाटलं.

तुमचा गोदीतला तो एक दिवस मला स्वच्छ आठवतो. मी सुटीत मुंबईला आले होते आणि तुम्ही मला डबा घेऊन बोलावलं होतं. जहाजाच्या अंगावर पत्रे जोडायला तुम्ही रिबिटी मारताय, घणाचा आवाज माझ्या दातांत उतरतोय, आणि पलीकडे किंतानाच्या पडद्याआड कोणी परका माणूस विजेने पत्रे जोडतो आहे. निळा उजेड पडद्याच्या विणीतून बाहेर येतो. मी विचारते, आबा, ते चांगलं की तुमचं? तुम्ही घण खाली ठेवता, घाम पुसता आणि म्हणता, "त्याचां झटपट होतां, बघायला पन गुळगुळीत. पन रिबीट सैल झाली की खडखडते, सांगते तुला. त्याचा सांधा तुटंस्तवर गप्प." तुमचं म्हणणं आता शास्त्राने पूर्ण खरं नाही हे मी शिकले आहे. सांधा तपासण्याच्या रीती आहेत. त्यातली सर्वांत खात्रीची म्हणजे तो तोडून बघणं.

नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात जायच्या होत्या. बाहेर काढलेल्या होडीला दादा तेल देत होता, तेव्हा त्याला दिसलं की सुकाणू ज्या लोखंडी खुंट्यांवर फिरतं त्यातली खालची मुळाशी तुटली आहे. लोहार अलिबागला, आणि त्याच्याकडे किनाऱ्यावरच्या सगळ्यांचं काम पडलेलं. दादा ती घेऊन माझ्याकडे आला, मी मागितली नव्हती. मी जाडी मोजली. यंत्राच्या मर्यादेच्या थोडी बाहेर, पण उतार देऊन, थर देऊन होण्यासारखी. मी हो म्हटलं. दोन्ही टोकं कानशीने पांढरी केली, पुसली, ओट्यावर ठेवली आणि इंजिनाचा पट्टा लावायला वाडीत गेले. परत येऊन बघते तर आईने दोन्ही टोकांना मोरी माशाचं तेल चोळून वर हळद लावली होती. समुद्रात जाणाऱ्या लोखंडाला आपल्याकडे तेल लावतातच, हळदीचं कारण तिने हसत सांगितलं. "दोघां जुळायचीत ना? मंग हळदीबिगर कशी जुळतील?"

तेल हा सांध्याचा शत्रू आहे. ते जळतं, त्याचा वायू होतो, वायू वितळलेल्या लोखंडात अडकतो. मी तिला हे सांगितलं नाही. तिच्याकडे पाठ करून पुसलं, पुन्हा कानस मारली, पण मुळाशी जुनी बारीक चीर होती आणि तेल तिच्यात शिरलं होतं. पहिला थर फसफसला. तो छिन्नीने काढला, पुन्हा दिला. वरचे थर सुरेख बसले, इतके की दादाने त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पक्की हाय ना?" मी म्हटलं, वरून चांगली दिसते. त्याने त्यातला 'वरून' ऐकला नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. पाणी भरत आलं होतं, सोबतच्या होड्या सुटत होत्या. त्याने खुंटी बसवली, आईने नारळ वाहिला, आणि शीड वर गेलं.

मी वाडीत परतले आणि तितक्याच जाडीच्या एका जुन्या सळईचे दोन तुकडे करून त्यांची तशीच जोडी केली. तसंच तेल, तशीच हळद, तितकंच पुसणं, तितकेच थर. ती शिकंज्यात धरून हातोड्याने तोडली. आतून आंबोळीला असते तशी जाळी होती.

हात धुतले ते आठवतं. मग मी चालत किनाऱ्यावर गेले, पळाले नाही, कारण पळणाऱ्या बाईला लोक कारण विचारतात. शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाची होडी अजून निघायची होती, तो दादा जातो त्याच बाजूला जायचा. माझ्या खांद्यावर काथ्याचा दोर होता. मी म्हटलं, हा दादाला द्या, खालची खुंटी दोराने बांधून घे म्हणावं. त्याने दोराकडे पाहिलं आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "विजेनं शिवलीस ना गो ती? नि वरनं काथ्या? बरी तुझी वीज." दोघंतिघं हसले. मी सांगितलं की लोखंड आतून कच्चं असू शकतं, मी तसाच दुसरा तुकडा तोडून बघितला आहे. मग तो हसला नाही. दोर खांद्यावर टाकून म्हणाला, "देतंय. घरी जा, बाय. आयेला काय बोलू नको."

आईला मी काहीच बोलले नाही. वारा वाढला की ती वाळत घातलेली मासळी झाकायला उठे आणि मी तिच्याआधी उठे. ती म्हणाली, एवढी कामाची कधीपास्नं झालीस. मी यंत्राला तेल दिलं, मग ते पुसून काढलं, मग पुन्हा दिलं. होडीचं सुकाणू भरल्या वाऱ्यात सुटलं तर माणूस वल्ह्याने किती वेळ निभावेल, याचं गणित मला येत नाही, आणि येत नसताना मी ते करत राहिले.

दादा परवा आला. दोर खुंटीभोवती इतका घट्ट आवळला होता की तो कापावा लागला. तो म्हणाला, बांधल्यावर तिचं काय झालं ते कळलंच नाही. मी खुंटी त्याच्यादेखत करवतीने कापली. एका बाजूला भरीव, दुसऱ्या बाजूला जाळी. मी त्याला कुठे काय झालं ते नीट समजावून सांगितलं, आईच्या तेल-हळदीचं सोडून. त्याने भोकांवर नख फिरवून पाहिलं, तुकडे माझ्याच हातात ठेवले आणि म्हणाला, "मंग आता भोकां न ठेवता कर." आणि आंघोळीला गेला.

उद्या वाडीचं शिंपण झालं की मी पट्टा चढवणार आहे. चीर पुरती कापून काढली आहे, टोकं निखाऱ्यांत तापवून तेल जाळलं आहे, कांड्या चुलीजवळ सुकत आहेत. या वेळी एक तुकडा आधी तोडून बघेन, मगच खुंटीला हात लावेन. हे सगळं बरोबर आहे हे मला माहीत आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक लिहिते. दादाने ते तुकडे परत दिले तेव्हा मी वाट बघत होते की तो अलिबागच्या लोहाराचं नाव काढेल. काढलं असतं, तर मी लगेच हो म्हटलं असतं.