पिलू नर की मादी: बद्रीनाथ फरकाडे यांचे मृत्युपत्र

मी, बद्रीनाथ आसाराम फरकाडे, वय ६९, पाटबंधारे खात्यातून निवृत्त कारकून, राहणार हडको, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव सिल्लोड तालुक्यातले, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय कमजोर आहे, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात घर पुतण्या सार्थक याच्या नावे लिहिले होते. ते मी रद्द करतो.

१. राहते घर मी पगारातून बांधले आहे. ते माझी मुलगी सायली हिला पूर्णपणे मिळावे. गावाकडच्या शेतातला माझा वाटाही तिचाच. धाकटा भाऊ राजेंद्र, म्हणजे सार्थकचे वडील, हरकत घेतील. १९९२ साली आमच्या आईच्या तेराव्याला, पंगत बसलेली असताना, राजेंद्रने पाहुण्यांना सांगितले की बद्रीदादाला मूलबाळ नाही, पुढे सगळे सार्थकच बघणार. सार्थक तेव्हा पाळण्यात होता. नऊ वर्षांची सायली मिठाचे ताट घेऊन पंगतीत वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी राजेंद्रच्या बोलण्याला मान हलवली. राजेंद्रवर माझा राग नाही. मान माझी होती.

२. गच्चीवरच्या खोलीतले कॉकाटेल पोपट, पिंजरे व अंड्यांच्या पेट्या खुलताबादचे माझे स्नेही सय्यद मुजीबोद्दीन यांना द्याव्यात. मी निवृत्त झालो तेव्हा पहिली जोडी त्यांनीच दिली. नर पिवळा, मादी राखाडी. त्यांनी शिकवले की या जोडीची जेवढी पिले पिवळी तेवढ्या माद्या, जेवढी राखाडी तेवढे नर. अंडे फुटते त्याच दिवशी कळते. डोळे मिटलेले असतात, पण पातळ पापणीआडून लाल दिसले तर पिलू पिवळे होणार, म्हणजे मादी. काळे दिसले तर नर. नर राखाडी आणि मादी पिवळी लावली तर मात्र हे सांगता येत नाही.

मला या विद्येचा फार अभिमान होता. गुलमंडीतले पक्षी विकणारे दुकानदारसुद्धा विचारायला यायचे. मी पिलू तळहातावर घेऊन सगळ्यांदेखत सांगायचो, ही मादी. माझी पत्नी सरू अशा वेळी जिना उतरून खाली जायची. तिला पिंजऱ्यांचा वास सोसत नाही असे मी धरून चाललो.

३. पिलांच्या नोंदींची वही सायलीला द्यावी. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. २०१६ च्या दिवाळीत ती आली असता मी विचारले की माझे सांगणे कधीच चुकत कसे नाही. तिने वहीच्या शेवटच्या पानावर आकृती काढली. म्हणाली, पक्ष्यांत पिलू नर की मादी हे आईकडून ठरते, आणि पिवळा रंग लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेला आहे. मी सहज विचारले, माणसांत?

“माणसांत उलटं, आबा. मुलगा का मुलगी, ते बापाकडून ठरतं.”

पुढे ती रंगांविषयी बराच वेळ बोलली. मला त्यातले काही ऐकू आले नाही.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. १९८६ साली सायली तीन वर्षांची असताना सरूला पुन्हा दिवस गेले. माझी आई आवडाबाई हिला नातू हवा होता, आणि मलाही मुलगाच हवा होता. मी सरूला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. तिथे पोटातले पाणी काढून तपासत. मुलगी निघाली. सरू नको म्हणत होती. पाचवा महिना होता. कागदावर सही मी केली. त्यानंतर तिला मूल झाले नाही. १९८९ साली, तुझ्या पोटी पोरीच, असे तिला तोंडावर बोलून मी तिला सायलीसह माहेरी पाठवले. तीन वर्षे आणायला गेलो नाही. सासू गेली म्हणून ती आपणहून आली आणि राहिली.

२०१६ च्या त्या दिवाळीत सायली सासरी परतल्यावर, मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरते, हे मी सरूला सांगितले. ती मेथी निवडत होती.

“मला ठावं व्हतं. पोरगी बारावीला मोठ्यानं घोकायची. मी भाकरी थापताना ऐकलं.”

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?

“बोलून ती माघारी आली असती का?”

एवढे बोलून ती भाजी धुवायला उठली. मी असेपर्यंत पोरीला सांगू नका, तिला माहेर राहू द्या, एवढेच तिने नंतर मागितले. सरू २०२१ साली वारली. सायली, तुला एक बहीण झाली असती.

५. मला अग्नी सायलीने द्यावा, तिची इच्छा असेल तर. नसेल तर तिला कोणी गळ घालू नये.

६. शेजारी अनंतराव यांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, “हे तिनं तुम्ही गेल्यावर वाचायचं, म्हणजे तुम्ही सुटलात.” ते खरे आहे. म्हणून आज सकाळी सायलीला बोलावून, दोन्ही साक्षीदारांसमोर, हे मी स्वतः वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत बसून राहिली. तिने एकच विचारले, “आईनं तिचं काही नाव ठेवलं होतं का?”

मला माहीत नाही. मी सरूला कधी विचारले नाही.

हे उत्तर येथे नोंदवून, साक्षीदारांदेखत खाली सही करतो.

बद्रीनाथ आसाराम फरकाडे (सही)

साक्षीदार:
१. अनंतराव विनायकराव पांगरीकर, शेजारी (सही)
२. माऊली दगडू गवळी, शेजारी (सही)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५