धाकटीच्या पेशी धावतात

४ मार्च
धावल्या! धाकटीच्या धावल्या — माझ्या नव्हेत.

फळमाशीच्या कोषावर लेझरनं एवढीशी जखम करायची, आणि रक्तातल्या, हिरव्या चमकणाऱ्या लढाऊ पेशी तिच्याकडे कशा धाव घेतात ते सूक्ष्मदर्शकाखाली टिपायचं. एवढंच काम. दीड वर्ष करतेय. माझ्या पेशी बाकावरच्या पेन्शनरांसारख्या बसून! हिला येऊन तीन महिने झाले. आणि हिला आणलं कुणी? मीच प्रयोगशाळेच्या मॅडमपाशी शब्द टाकला — "बहीण आहे माझी, हुशार आहे."

मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "हात बघा पोरीचा!" माझा हात काय खिशात होता दीड वर्ष?

५ मार्च
आईचा फोन. धाकटीची फिल्म शेजारणीलासुद्धा दाखवून झाली. "हिरवे ठिपके काय पळतात गं! तुझे का नाही पळत?"

९ मार्च
लिहू नये. तरी लिहिते.

परिषदेसाठी धाकटीचं तीन तासांचं चित्रण चाललं होतं. खोली तापली की फोकस सरकतो. कुणीतरी चाक फिरवत बसावं लागतं. ती सकाळपासून उपाशी. "ताई, जरा बसतेस? दोन घास खाऊन येते."

बसले. पेशी धूसर झाल्या. चाक हाताशी होतं. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. ती यायच्या जरा आधी फोकस नीट केला.

१० मार्च
फिल्म मधेच आंधळी. नेमक्या पेशी जखमेपाशी पोचतात तिथेच! मॅडम तिच्यावर उखडल्या. "माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

बरं वाटलं! कसली मेली ताई मी.

१३ मार्च
चाक कुठल्या मिनिटाला फिरवलं, त्याची संगणकात नोंद राहते — विसरलेच होते. आज बघितली. वीस मिनिटं कोरी. आणि कुणी कधी उघडली तेही दिसतं: धाकटीनं ती नऊ तारखेलाच बघितलीय.

म्हणजे मॅडमसमोर तिनं मला पाठीशी घातलं. तिथेही तीच मोठी!

धीर करून गेले. "अगं, ते त्या दिवशीचं —"

"जेवलीस का?" म्हणाली.

१४ मार्च
उद्या ती पुन्हा चित्रण करणार. "मी बसते चाकापाशी," म्हटलं.

"नको, ताई. झाडणाऱ्या मावशींना शिकवलंय."