बांधावरच्या आंब्यांना पांडव पावले

ताडकळस, येळवशीचा तिसरा दिवस

पाथरीच्या दिनकरदादांना धाकट्या सगुणेचा पाया पडून नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे हायत? तुमचा खोकला थांबला असंल. नसंल तर अडुळसा प्या, विड्या न्हाई. आमी खुशाल हाव. नुसतं खुशाल कशाचं, दादा, मी जिंकले! आपल्या आईनं कोया देऊन लावायला लावलेले बांधावरचे आंबे वाचले.

झालं असं, दिवाळीनंतर बन्सीधर नावाचा रोपं विकणारा एजंट आला. म्हणाला, रेशनवर पामतेल मिळतंय ना, त्याचंच झाड लावा. मलेशियाचा रंगीत फोटो दाखवला. नजर पोचंल तिथवर एकाच जातीची झाडं, कवायतीला उभी केल्यागत. मी विचारलं, आधी इथं काय होतं? म्हणे, घनदाट जंगल, सगळं साफ केलं. आन् त्यातली जनावरं, पाखरं? म्हणे, त्यांचं काय, बाई? (त्यांचं काय म्हणे! पुढच्या जन्मी वानर होऊ दे मेल्याला.) पाणी विचारलं तर एकेक झाड आमच्या म्हशीपेक्षा जास्त पितं, आन् आमच्या विहिरीचा चैत्रातच तळ दिसतो. पण तुमचे दाजी (वरून गरीब दिसतात, आतून लय हावरे) हुरळून गेले. आंबे तोडायचे, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे येणार, असं ठरवूनच टाकलं. मी रडले, भांडले, जेवण सोडलं (तर म्हणे, भाकरी वाचली).

आता येळवशीला, मार्गशीर्षाच्या अवसेला, शेतात कडब्याची एक कोप घालायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आन् शेतात आलेल्याला जेवल्याबिगर सोडायचं न्हाई, हे तुमाला काय सांगायचं? मी आन् शेजारच्या कडूबाईनं उजाडायच्या आत दर आंब्याच्या बुडाशी एकेक कोप घातली. जिकडं बघावं तिकडं पांडव! दाजींनी तोंड उघडलं, पण देवापुढं बोलतात काय? मुकाट दर झाडाशी डोकं टेकत गेले. एजंटही आला होता. त्याला दर कोपीपुढं बसवून भज्जी, उंडे, अंबिल वाढली. नको म्हणाला की मी विचारायची, भाऊ, पांडवांना न्हाई म्हणताव? अर्ध्या बांधात त्यानं पट्टा सैल केला, शेवटच्या आंब्याखाली आडवाच झाला. दिवस कलल्यावर उठून म्हणतो, बाई, सावली लय गार हाय हो!

दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे आले. पांडव दिसल्याबरोबर चपला काढल्या, हात जोडले, म्हणाले, जिथं पांडव बसले त्या झाडाला आमी कुऱ्हाड लावत न्हाव. गेले! दाजी कालपासून फुगून बसले होते. आज सकाळी बांधावरून आले आन् म्हणाले, यंदा मोहर लवकर येतोय वाटतं. मी तोंडाला पदर लावून चुलीकडं वळले, नसता हसूच फुटलं असतं.

लेकरांना आशीर्वाद.

तुमची (जिंकलेली) सगुणा

ता. क. या आनंदात गल्लीभर पुऱ्या वाटायच्यात, पण घाण्याचं करडीतेल येळवशीत संपलं. तुमच्या कार्डावरचं पामतेल उचलून डबा एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्या. (जंगलाचं वाईट वाटतंयच, दादा, पण पुऱ्या पाण्यात तळत न्हाईत.)

ता. क. आणखी एक. एजंट येळवशीपासून आमच्या ओसरीवरच मुक्कामाला, काही केल्या उठंना. शेवटी मी तुमच्या मळ्यातल्या चिंचांची लय तारीफ केली आन् पत्ता दिला. गुरुवारी पाथरीला पोचतोय. चिंचा तोडून पाम लावा म्हणाला तर पांडव बसवायला येळवस आता पुढल्या साली, तवा तुमचं तुमी बघा.