कार्डाबाहेरचं बोलणं

प्रिय भोंग्या,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता, पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा राहू दे. 'भोंग्या' मात्र मनापासून लिहिलंय. तू तान्हा असताना तुझ्या रडण्याने खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका वर आले होते, बाळ आजारी आहे का विचारायला. आजारी नाही हो, भोंगा आहे, असं आईने त्यांना सांगितलं आणि त्या दिवसापासून तुझं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

माझं बरं चाललंय. दुकान चालतं. कानाला यंत्र लावून घ्यायला माणसं अजूनही चोरासारखी येतात, बाहेर उभी राहून आधी शेजारच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघतात. परवा एक निवृत्त बँक मॅनेजर आले होते. त्यांना असं यंत्र हवं होतं, ज्यातून टीव्ही ऐकू येईल आणि बायको ऐकू येणार नाही. त्यांची बायको शेजारीच बसली होती, आणि तिलाही त्यांच्यासाठी अगदी तसंच हवं होतं. तुझे भाऊजी हे ऐकून पोट धरून हसले. ते हल्ली घरीच जास्त असतात, म्हणजे मी दुकानात असताना आईजवळ कुणीतरी असतं. गिऱ्हाईकं तुझी चौकशी करतात. तुझी खुशाली कुणी विचारत नाही, तो प्रार्थनावाला तुमचा भाऊच ना, एवढंच विचारतात. मी हो म्हणते आणि यंत्राचा आवाज जरा मोठा करते, त्यांच्या कानात कर्रकन वाजतं. तेवढाच माझा सूड.

मध्यंतरी मी तुला पाहिलं. मंडईमागच्या पार्किंगमध्ये, त्या काचेच्या खोक्यात. तुझ्या अंगावर कुणाच्या तरी मापाचं निळं जाकीट होतं, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. गाडी आली की तू बटण दाबायचास आणि फाटक वर जायचं. तिकीट घ्या, धन्यवाद, हे बोलायचं काम मात्र भिंतीवरचं यंत्र करत होतं, कुठल्यातरी बाईच्या गोड आवाजात. मी समोरच्या दुकानाच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. अख्ख्या शहराला धीर देणारा आवाज खोक्यात गप्प बसलाय आणि डबा बोलतोय! मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. हाक मारली नाही.

तुमच्या कंट्रोल रूममध्ये मी एकदाच आले होते, घरच्यांना दाखवायच्या दिवशी. अँब्युलन्ससाठी येणारा प्रत्येक फोन तिथे तुम्ही घ्यायचात. रांगेने टेबलं, कानावर हेडफोन, आणि समोरच्या पडद्यावर एकामागून एक येणारी कार्डं. पत्ता काय, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. समोरचा रडो, शिव्या देवो, कार्डावरचं वाक्य जसंच्या तसं वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि गाडी दारात पोचेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. तुमच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कार्ड सगळ्यांचं सारखंच असतं, पण याने वाचलं की माणसं ओरडायची थांबतात. मी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने मान वळवली नाही, पण तेच पातेलं तिने परत घासायला घेतलं. आईचं कौतुक असंच असायचं, तुला माहीत आहे.

मग तो म्हाताऱ्याचा फोन आला. एकटा माणूस, छातीत कळा, पूल बंद म्हणून गाडी लांबच्या रस्त्याने निघालेली. कार्डं संपली. पुढे वाचायला काही नव्हतं आणि फोन ठेवायचा नव्हता. त्याने तुला विचारलं, आता माझं काय होणार. गाडी येतेय, एवढं म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं? पण तू त्याला विचारलंस, तुम्ही देवाला मानता का. तो नाही म्हणाला. तू म्हणालास, अजून वेळ गेलेली नाही, माझ्यामागून म्हणा. आणि तो म्हणाला, भोंग्या. जन्मभर कुठल्या देवाला हात न जोडलेला माणूस तुझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेला, रडत रडत, श्वास असेपर्यंत. गाडी आली तेव्हा तो संपला होता. नंतर त्याच्या मुलीने त्या फोनचं सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. घरच्यांना ऐकायचा हक्क असतो, ते बरोबरच आहे. तुझं म्हणणं, त्याचा जीव शांत झाला. ती म्हणाली, माझ्या बाबांचा शेवटचा स्वाभिमान यांनी फोनवरून काढून घेतला. मी ते ऐकलेलं नाही, त्यामुळे मला काही म्हणता येत नाही. तरी म्हणते, तिचं खरं असणार.

असं असूनही मी तुझ्या बाजूने उभी राहिले, हे विसरू नकोस. मला तुझं एक अक्षरही पटलं नव्हतं. तुझ्या त्या प्रार्थनेच्या बैठका, ते डोळे मिटून डोलणं, तिथली ती मऊ मऊ बोलणारी मंडळी, मला सगळ्याची शिसारी येते. पण माणसाला त्याच्या श्रद्धेपायी कामावरून काढू नये, समज द्या आणि सोडा, असं मी तुमच्या ऑफिसात जाऊन भांडले. दुकान बंद ठेवून तुमच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले. तुझ्या मंडळींपैकी एकजण तिकडे फिरकला नाही, ते सगळे घरी बसून तुझ्यासाठी प्रार्थना करत होते. मोठ्या बाईही नरमल्या होत्या. महिनाभर दुसऱ्या कामावर बसवू आणि मग परत घेऊ, असं त्यांनी मला सांगितलं होतं. सगळं मिटत आलं होतं.

तेवढ्यात तुला कंठ फुटला. तू फोनवर बोटं चालवलीस आणि जगाला सांगितलंस की श्रद्धा नसलेली माणसं भीतीतच मरतात, मी हे रोज स्वतःच्या कानांनी ऐकतो. बस, पेटलं. ज्यांची माणसं तुझ्या कानाशी गेली होती ती सगळी जागी झाली. आमची आई भीतीत गेली का, आमचा मुलगा भीतीत गेला का, असं विचारायला लोक तुमच्या दाराशी आले. तरीही ऑफिसच्या साहेबांनी तुला शेवटची संधी दिली. ते काढून टाक, आणि यापुढे देवाधर्माबद्दल कामावर किंवा बाहेर कुठेही तोंड उघडणार नाही असं कबूल कर, खुर्ची तुझीच आहे. तू नाही म्हणालास. तोंड शिवून तिथे बसण्यापेक्षा फाटकं उघडेन, असं तू म्हणालास आणि खरंच फाटकं उघडतोयस. खरं सांगू? तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. त्या साहेबांना मी भेकड म्हटलं होतं, त्यांच्या तोंडावर. माणूस गप्प राहणार असेल तरच आपला, हा कुठला न्याय, असं मी त्यांना विचारलं होतं.

पण तू लिहिलेलं ते घरी पण पोचलं होतं. आईने माझ्या फोनवर वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं, मग फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, मी पण? एवढंच. तो फोन नंतर मी उशीखाली लपवला, जसं काही वाचलेलं त्याने परत न वाचल्यासारखं होणार होतं. आपल्या आईने कधी कुठे डोकं टेकलं नाही. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं तिचं, काचेच्या नळ्या धुण्यात आणि साहेबांच्या चुका झाकण्यात. आणि तू तिला, तिच्या जिवंतपणी, ती कशी मरणार ते सांगून मोकळा झालास.

तुझं हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा तू तिला विचारत होतास, बाबा आता कुठे आहेत. ती म्हणाली, कुठे नाहीत, संपले. तू परत विचारायचास, ती परत तेच सांगायची, पोळपाटावरचं लाटणं न थांबवता. तू भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलास. तेव्हा मला तुझी कीव आली होती. एका लहान पोराला खोटं सांगितलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं, असंही वाटलं होतं. पण ती खोटं बोलली नाही, आणि तू मोठा होऊन त्याचा वचपा काढलास, तोही चारचौघांत. आता तुम्ही दोघं फिटंफाट झालात असं तुला वाटत असेल, तर वाटू दे.

आता तिची बातमी. आई पडून आहे. तिचं हृदय थकलंय, पायांवर सूज आहे, बोलताना धाप लागते. माझ्याच घरी आहे, खिडकीजवळच्या पलंगावर. दिवसभर ती कानातलं यंत्र काढून ठेवते, आमचं बोलणं ऐकण्यासारखं नाही म्हणते. संध्याकाळ झाली की मात्र ते लावून मागते, आणि लावलं की विचारते, फोन वाजला का. मी नाही म्हणते. मग ती उशीवर मान सरळ करून दाराकडे बघत राहते. ती स्वयंपाक करत असताना तू ओट्यावर बसून तिला पेपर वाचून दाखवायचास, आठवतं? बाजारभावसुद्धा सोडायचा नाहीस. परवा ती म्हणाली, त्याला बोलव, तो काहीही वाचू दे, त्याच्या आवाजाने मला झोप लागेल. मी म्हटलं, मी वाचते. मी वाचलं. तिने थोड्या वेळाने यंत्र काढून माझ्या हातात दिलं.

ती घाबरलेली नाही. हे तू नीट वाच. खोलीतला दिवा मालवू देत नाही, पण ते पाण्याचा पेला हाताला लागावा म्हणून. माझं मनगट धरून ठेवते, पण ते अशक्तपणाने, डॉक्टरही तसंच म्हणाले. काल मी चहा आणायला उठले तर तिने तुझ्या नावाने हाक मारली, ते औषधाच्या गुंगीत. आपली आई भीत नाही. तसं कुणी म्हटलं तर मी त्याचं ऐकून घेणार नाही, तिने स्वतः म्हटलं तरी नाही.

तर हे पत्र त्यासाठी. तू येऊ शकतोस. पण माझ्या घरात पाऊल टाकलंस की तोंड उघडायचं नाही. प्रार्थना नाही, पेपर नाही, आई म्हणून हाकसुद्धा नाही. तिच्याजवळ बसायचं, हात धरायचा आणि उठून जायचं. तू एक शब्द बोललास आणि तिला बरं वाटलं, तर तू जन्मभर म्हणशील की बघ, भीत होती आणि माझ्यामुळे शांत गेली. ते मी होऊ देणार नाही, मग तिला झोप लागो न लागो. साहेबांनी घातली तीच अट आहे, मला कळतंय. तिथे तू नाही म्हणालास, इथे काय म्हणतोस ते बघू. डॉक्टर म्हणतात आता फार वाट बघू नका, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. हे पाकीट साध्या टपालाने टाकतेय, कधी पोचेल त्यांचं त्यांना माहीत. फोन करता आला असता. आई रोज तेच सांगते, नंबरसुद्धा तोंडपाठ म्हणून दाखवते. पण फोन केला असता तर तू बोलला असतास, आणि तिने यंत्र लावलेलं असतं.

तुझीच, आणि आता आईजवळ उरलेली एकटी,
ताई